ओटा मोकळा झाला, मोरी मागेच राहिली



पुण्याच्या पेठांमधले वाडे एकामागून एक पडताहेत; जे उभे आहेत त्यांची आतून दुरुस्ती चालू आहे. एम.ए.ला सोबत असलेल्या एका मैत्रिणीच्या वाड्यातलं स्वयंपाकघर सध्या नव्याने होतंय. सागवानी खांब ठेवायचे, धुराने काळी झालेली भिंत पाडायची, माजघर जोडून ‘ओपन किचन’ करायचं. "वारसा जपतोय आम्ही," ती म्हणाली.

कोणता वारसा? समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला घराची रचना वाचता आली पाहिजे. आधी चौक, मग ओसरी, मग माजघर आणि पार आत, देवघराच्या जवळ, स्वयंपाकघर. जितकं आत तितकं सोवळं कडक. कोणी कुठवर यायचं ते जातीने ठरलेलं. ब्राह्मणी व्यवस्था चुन्याविटांत बांधलेली होती, दुसरं काय?

माझी आजी १९७२च्या दुष्काळात पुण्यात आली आणि अशाच एका वाड्यात भांडी घासू लागली. यायला-जायला मागचं दार, घासायला मागची मोरी. घासलेली भांडी ती पालथी घालून ठेवायची. घरातल्या बाई त्यांवर पाणी शिंपडून आत न्यायच्या. आजी हे हसत सांगायची, "राख मी लावली, चकाकी मी आणली, अन् शुद्ध झाली ती चार थेंबांनी!" त्या घरची चूल तिने कधीच पाहिली नाही.

ते दिवस गेले, असं म्हणणाऱ्यांनी २०१७ आठवावं. याच पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार केली. गुन्हा नोंदला गेला. निषेध झाल्यावर तक्रार मागे घेतली. आणि याच पुण्यात १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता! वारसा म्हणायचा तर तोही पुण्याचाच.

टाइल्सच्या नमुन्यांवर आमची अर्धी दुपार गेली. त्यावर माझं काही म्हणणं नाही, निळ्या छान आहेत. पण आराखड्यात ओट्यामागे ‘ड्राय बाल्कनी’ आहे. तिथे दुसरं सिंक, आणि कामवाल्या मावशींसाठी वेगळं दार. मी विचारलं, "मावशी पाणी कुठलं पिणार? आणि संडासला कुठे जाणार?" ती म्हणाली, "अगं, जातीचा काय संबंध? स्वच्छतेचा प्रश्न आहे."

सोवळ्याचं नाव आता स्वच्छता आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, सवर्णांच्या स्वयंपाकघराशी आपल्याला काय करायचंय? सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलंय. अगदी खरं. पण आपल्या वस्तीतल्या कितीतरी बायांचा दिवस त्याच ओट्यामागे जातो. २००८च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ आलं, नोंदणी आली. घरातल्या संडासाच्या कडीपर्यंत मात्र कोणतंच मंडळ पोचत नाही. ते बोलणं आपल्यालाच, समोरासमोर, करावं लागतं.

ते वेगळं दार काढ आणि आतला संडास मावशींना वापरू दे, एवढं मी तिला स्पष्ट सांगितलंय. घरच्यांशी बोलते, म्हणाली. काम दिवाळीपर्यंत चालेल. मावशी माझ्याच वस्तीतल्या आहेत; काय झालं ते त्यांच्याकडून कळेलच.