बिडदीतला 'कायझेन'

बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागले, की सुमारे ३० किलोमीटरवर बिडदी येते. बशीएवढ्या तट्टे इडलीसाठी गाडी थांबवावी असे हे गाव! (कानडीत 'तट्टे' म्हणजे ताट.) इथेच १९९७ मध्ये स्थापन झालेल्या टोयोटा-किर्लोस्कर कंपनीचा कारखाना आहे. किर्लोस्कर म्हटले, की मराठी माणसाला किर्लोस्करवाडी आठवणारच.

कारखान्याच्या प्रशिक्षण संस्थेत २००७ पासून कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांतली, गरीब घरची मुले दहावीनंतर येतात. तीन वर्षे घरापासून दूर. यंत्रांबरोबर त्यांची गाठ पडते ती एका जपानी नामाशी : कायझेन.

'काय' म्हणजे बदल, 'झेन' म्हणजे चांगला. ध्यानाचा झेन पंथ निराळा, त्याचे अक्षरही निराळे. जपानी घरांत हा 'सुधारणा' या अर्थाचा साधा शब्द आहे आणि मराठी माणसाला तो वापरणे मुळीच जड नाही. आपण 'सुधारणा करणे' म्हणतो, ते म्हणतात 'कायझेन सुरु'. हे 'सुरु' म्हणजे आपले 'सुरू' नव्हे, 'करणे'! 'कायझेनचा' म्हणायचे तर नामामागून 'नो' : 'कायझेन नो'. क्रियापदही आपल्यासारखेच शेवटी.

दोन पावलांवर टांगलेला पाना हाताशी आणून ठेवणे, हेही कायझेनच. आणि ते सुचवायचे साहेबांनीच असे नाही, पाना धरणाऱ्यानेही.