अधोरेखित न केलेले वाक्य

दीर्घकाळ चालत आलेल्या अद्भुतकथामालेचे पुनर्वाचन म्हणजे गतकाळाकडे सुखाने परतणे, असा एक समज रूढ आहे. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालेच्या संदर्भात तो टिकत नाही. पहिल्या तीन कादंबऱ्या १९६८, १९७१ आणि १९७२ मधल्या. चौथी, 'तेहानू', थेट १९९० मधली. वाचक परत येतो तेव्हा मूळ जागाच हललेली असते.

एका वाचिकेने विद्यार्थिदशेत ही त्रयी झपाटल्यासारखी वाचली आणि 'तेहानू' अर्ध्यावर टाकली. महामांत्रिक गेड येथे सामर्थ्य गमावून, लाज वाटून लपतो. भाजलेल्या मुलीला सांभाळणारी प्रौढ विधवा टेनार कथेच्या केंद्रस्थानी येते. विशीतल्या वाचनाला हा विश्वासघात वाटला. पंचेचाळिशीत तिने जुन्या प्रती पुन्हा काढल्या. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. वेच आपले खरे नाव गेडला विश्वासाने सांगतो, तेथे दुहेरी रेघ. (नवऱ्याचे नाव उच्चारणे टाळणाऱ्या आजीच्या घरात वाढलेल्या मुलीला नावाचे हे भय परके वाटले नसणार.) परंतु पहिल्याच प्रकरणात निवेदक गॉन्ट बेटावरच्या दोन म्हणी नोंदवतो, एक स्त्रियांच्या मंत्रविद्येला दुबळी ठरवते, दुसरी दुष्ट. तेथे खूण नाही.

ही म्हण आहे, निवेदकाचे मत नव्हे, असा बचाव करता येईल. तो पुरेसा नाही. १९६८ च्या संहितेत त्या म्हणींना छेद देणारे काहीही घडत नाही. रोक बेटावरच्या विद्यालयात फक्त मुलगेच शिकतात आणि कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. लेखिकेला पुढचे सारे तेव्हाच ठाऊक होते, असे म्हणणे ही भाबडी भक्ती होय. तिने नंतर आपलेच लेखन वाचले आणि त्याला प्रश्न विचारले. २००१ मधील 'टेल्स फ्रॉम अर्थसी' या संग्रहातील 'द फाइंडर' या कथेत त्याच विद्यालयाच्या स्थापनेत स्त्रिया आहेत. जो निसर्गनियम भासत होता, तो इतिहास निघतो. म्हणजे कोणीतरी, कधीतरी घेतलेला निर्णय.

आणि तरीही पहिल्या पुस्तकात एक धागा होताच. गेडचा पहिला मंत्र रोकवरचा नाही. मावशीने शेळीला बोलावताना उच्चारलेले शब्द त्याने चोरून ऐकले आणि दुसऱ्या दिवशी कळपावर वापरून पाहिले; शेळ्या त्याला घेरून राहिल्या, सुटका मावशीनेच केली. 'तेहानू'मध्ये निःशक्त गेड पुन्हा शेळ्या राखायला जातो. वाचिका तेथे बराच वेळ थांबली. एकेकाळी तिला जी अधोगती वाटली होती, ती त्याच्या पहिल्या, विसरलेल्या गुरूकडे परत जाण्याची वाट होती.

'तेहानू' निर्दोष नाही. त्यातला दुष्ट मांत्रिक सपाट आहे आणि शेवटी आकाशातून उतरणारा ड्रॅगन कादंबरीचे अवघड प्रश्न जरा घाईने मिटवतो. पण टेनारच्या स्वयंपाकघरातली पाने, कोणती कामे बायकांची यावरून मुलाशी उडणारी खडाजंगी, ही पाने या मालेत इतरत्र कोठेही नाहीत.

२०१८ मध्ये ले ग्विन यांच्या निधनानंतर ही सारी माला एकाच सचित्र ग्रंथात निघाली. आज ती प्रथमच वाचणाऱ्याला पान उलटताच तिसऱ्या कादंबरीनंतर चौथी भेटते. मधली अठरा वर्षे त्याला जाणवत नाहीत. वाचिकेच्या फळीवर मात्र ती दिसतात. त्रयीच्या प्रती पिवळ्या पडून सुटू लागल्या आहेत, आणि अर्ध्यावर टाकलेल्या 'तेहानू'चा उत्तरार्ध अजून कोरा करकरीत आहे.