सतराचे नऊ कसे झाले?

आमच्या सीमाभागात कोणी गाडी दारात उभी केली, की नारळ फुटायच्या आधी प्रश्न फुटतो. येळ्ळूरच्या गल्लीत तो "किती देतंय?" असा येतो आणि धारवाडकडच्या पाहुण्यांच्या तोंडून "एष्ट कोडतैती?" असा. भाषा दोन, प्रश्न एकच. गाडीचा रंग आणि वेग नंतर; आधी लिटरला किती किलोमीटर ते सांगा.

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी टर्बो पेट्रोल इंजिनाची, वेगाची हौस भागवणारी गाडी घेतली. उद्यमबागेत नोकरी, पगार बरा, हौसेला मोल नाही. कंपनीच्या पत्रकात लिटरला 17 किलोमीटर छापलेले होते. सूनबाई माहेरची धारवाडची. घरखर्चाची वही तिच्याकडे असते; त्यात ती हिशेब मराठीत मांडते आणि शेरे कन्नडमध्ये मारते.

तिसऱ्या महिन्यात त्या वहीने घरात खळबळ उडवली. पेट्रोलचे 9,000 रुपये लागले होते आणि गाडी पळाली होती 810 किलोमीटर. सूनबाईने साधे त्रैराशिक मांडले. सतराने भागले तर 48 लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर 4,800 रुपये. मग उरलेले 4,200 गेले कुठे?

वहिनींना वाटले, रात्री कोणीतरी नळी घालून पेट्रोल काढते. पुतण्याचा राग पंपावर. सूनबाई काहीच बोलत नव्हती, आणि तेच जास्त बोचत होते. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात घरे बुडाल्याच्या बातम्या सगळेच वाचतात. नवरा-बायकोत पैशाचा संशय शिरला, की जेवणाच्या पाटावर बोलणे कमी होते. ते आम्हा सर्वांना दिसत होते. शेवटी एके दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे आली. "लेक्क नीव नोडरी, काका," म्हणाली. मी निवृत्त गणिताचा मास्तर. हिशेब बघा म्हटल्यावर मागे कसा हटणार?

मी साधी पद्धत धरली. पंपाची नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, रोजच्यासारखी गाडी चालवायची आणि पुन्हा तशीच भरायची. गाडी रात्री आमच्या कुलूपबंद शेडमध्ये ठेवली. 324 किलोमीटरला 36 लिटर लागले. म्हणजे लिटरला नऊ. दुसऱ्या पंपावर तोच प्रयोग केला, फरक किरकोळ. चोर सुटला, पंपही सुटला. आणि 810 ला नऊने भागले तर बरोबर 90 लिटर, म्हणजे 9,000 रुपये. वहीतला पैसा न पैसा टाकीतच गेला होता. सूनबाईचे त्रैराशिक चुकले नव्हते. सतरा हा आकडा आमच्या रस्त्याचा नव्हता.

मग इंजिनच बिघडले आहे का? त्यासाठी कोल्हापूरला जाऊन आलो. पुतण्याला ताशी 80 च्या वर जाऊ दिले नाही. 225 किलोमीटरला 15 लिटर, म्हणजे लिटरला 15. गाडी तीच, चालवणारा तोच!

याचे कारण टर्बोच्या पोटात आहे. 1905 साली आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तीच आजही चालते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हवा जास्त आली की पेट्रोलही त्याच मापाने जास्त सोडावे लागते. टर्बो हवा फुकट देतो, पेट्रोल नाही.

2015 साली पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुन्टो बाहेर पडली. तिचे 1.4 लिटरचे टर्बो इंजिन 145 अश्वशक्ती देत असे. तेवढ्याच आकाराचे साधे इंजिन पुन्टोत 90 च्या आसपास देई. वरची ताकद जादाची हवा आणि जादाचे पेट्रोल यांतूनच आली. म्हणजे टर्बो गाडीत दोन इंजिने असतात असे समजा. पाय हलका असेल तर लहान चालते, पाय दाबला की मोठे. त्यातही जोरात दाबले तर टर्बोचे चाक तापून खराब होऊ नये म्हणून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडले जाते. ते निव्वळ गारव्यासाठी.

आमच्याकडे टर्बो म्हणजे मायलेज असा समज आहे, तो डिझेल गाड्यांमुळे. डिझेल इंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवेवर चालते, त्यामुळे त्याचे गणित निराळे.

मग पत्रकातले 17 खोटे का? तसेही नाही. पुण्यातील एआरएआय या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी रुळांवर उभी करून, ठरलेल्या वेगांनी सुमारे 20 मिनिटे चालवतात. आपल्याकडच्या त्या चाचणीत वेग ताशी 90 च्या वर जात नाही, एसी बंद असतो आणि पेट्रोल किती जळाले ते धुरातल्या कार्बनवरून काढतात. तिथे लहान इंजिनच चालते. आमच्याकडे सकाळी थंड इंजिनाने येळ्ळूर सोडायचे, सुगीत भाताच्या ट्रॅक्टरमागे रांगायचे, वडगावच्या गर्दीत एसी लावून थांबायचे, आणि रविवारी मित्रांना घेऊन राजहंसगडाचा चढ झोकात चढायचा!

इथेनॉलचाही वाटा आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, 20 टक्के मिश्रणासाठी न बनवलेल्या मोटारींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. आपल्या जिल्ह्यातला ऊसच शेवटी टाकीत येतो म्हणा! पण सतराचे नऊ होण्याला तेवढे कारण पुरत नाही.

हे सगळे मी जेवणानंतर सगळ्यांसमोर मांडले. सूनबाईने वहीत जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला. पुतण्याने पाय हलका केला. आता बारा मिळतात आणि महिन्याला पावणेसात हजारांत भागते. राजहंसगडाची फेरी मात्र सुटलेली नाही. त्याला सूनबाईने वहीत वेगळा रकानाच पाडून दिला आहे.

टर्बो गाडी घेऊ नका असे मी म्हणणार नाही. पण घेण्याआधी आपल्याच रस्त्यावर ती चालवणाऱ्याला विचारा, आणि घरखर्चात पत्रकातला आकडा न धरता दोन तृतीयांश धरा. आणि हिशेबाचा मेळ लागला नाही, तर घरच्या माणसावर संशय घेण्याआधी एकदा टाकी भरून मोजून बघा.