श्रीहरिकोट्याच्या वाटेवर

टी.व्ही.वर फुकट दिसते, त्यासाठी चार दिवसांचा खाडा कशाला, असे चाळीत सगळ्यांनी बजावले. तरी जुलै 2023 मध्ये आम्ही उभयता आणि आमची नववीतली मुलगी चेन्नईच्या गाडीत बसलो. 14 तारखेला दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी चांद्रयान-3 सुटणार होते.

मनात धाकधूक होती. 15 जुलै 2019 रोजी चांद्रयान-2 चे उड्डाण 56 मिनिटे आधी थांबवले गेले, आणि लांबून आलेल्यांना तसेच परतावे लागले. ते आठवडाभराने, 22 तारखेला झाले. आमची तर आठवडा थांबण्याची ऐपत नव्हती.

चेन्नईहून उत्तरेला जाणाऱ्या गाडीने आंध्रातील सुल्लुरपेट गाठले. तिथून पूर्वेला पुलिकत सरोवर, पलीकडे श्रीहरिकोटा बेट, मग समुद्र. रॉकेट पूर्वेकडे सोडले की पृथ्वीच्या फिरण्याचा आयता जोर मिळतो, आणि जळून रिकामे झालेले भाग वस्तीवर न पडता समुद्रात पडतात. म्हणून 1969 साली ही जागा निवडली. त्याआधी बेटावरच्या जंगलात यानादी आदिवासी राहत. त्यांना उठावे लागले. आपल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

गॅलरीत जागा मिळाली नव्हती. सरोवराच्या कडेला, गर्दीत, डोक्यावर पंचा घेऊन उभे राहिलो.

झाडांवर एकदम उजेड दिसला. आवाज मात्र नाही! 640 टनांचे धूड वर चढते आहे, आणि कानावर फक्त माणसांचा ओरडा. दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत प्रत्येकी 200 टनांवर इंधन. मधले इंजिन तर नंतर, आकाशातच पेटते. मुलगी घड्याळाकडे बघून आकडे मोजत होती. रॉकेट ढगात शिरले, लोकांनी हात खाली घेतले, आणि मग आवाज आला. आधी कापड फाटल्यासारखा, मग छातीत ढोल वाजावा तसा. तिचा आकडा होता पन्नास.

सोळा मिनिटांनी यान रॉकेटपासून सुटले. शेजारच्या तेलुगू गृहस्थांनी मोबाईल पुढे करून दाखवले. भाषेची गरजच पडली नाही.

परतीच्या गाडीत तिने वहीच्या मागच्या पानावर पन्नास गुणिले 340 मीटर केले. सतरा किलोमीटर. आमची शाळा सातवीत सुटलेली, तरी गुणाकार आम्ही पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

23 ऑगस्टच्या संध्याकाळी यान चंद्रावर उतरले, तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खाड्यावरून बोलणारी मंडळीच मुलीला विचारत होती, आवाज किती वेळाने आला ग?