न दिसणारा तडा

पोलादाची सायकल आपटली की वाकते. आपले दुखणे ती लपवीत नाही. कार्बन तंतूंच्या सांगाड्याचे तसे नसते. केसाहून बारीक तंतूंचे थर रेझिनमध्ये बसवून तो घडविलेला असतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याचे बळ विलक्षण. परंतु आडव्या आघाताने आतले थर परस्परांपासून सुटतात आणि वरचा रंग अभंग राहू शकतो.

सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) समृद्ध केलेल्या तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी मी कुंभकोणमला मुक्काम केला होता. रामेश्वराला सायकलीने निघालेला भाचा वाटेत येऊन मिळाला, आणि त्याची सायकल एका दगडी पायरीच्या कडेवर आपटली. वरच्या नळीवर नखाएवढा ओरखडा, एवढेच. गल्लीतल्या मिस्त्रीने वेल्डिंगची तयारी दाखविली. पण हे द्रव्य वितळून जुळणारे नव्हे. भाच्याने नाण्याने नळी वाजवून पाहिली. टणटणीत आवाज येत गेला आणि ओरखड्याच्या बोटभर पलीकडे तो एकाएकी बसला. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या माझ्या आईला त्याचा अर्थ सांगावा लागला नसता.

‘‘मामा, थोडाच तर रस्ता उरलाय,’’ तो म्हणाला.

‘‘नळी मोडायला तेवढा पुरतो,’’ मी म्हणालो. तो रागावला. रात्री नीट जेवलाही नाही.

जवळच स्वामिमलै आहे. तेथे मेणाच्या मूर्तीवर कावेरीकाठच्या गाळमातीचे लेप देतात, तापवून मेण काढतात आणि त्या पोकळीत धातुरस ओततात. ओतकाम फसले तर धातू पुन्हा मुशीत जातो. एकदा पक्क्या झालेल्या या रेझिनला ती मुभा नाही. सुटलेला भाग सभोवार उतार देत घासून काढायचा, मूळ थरांच्या दिशा ओळखायच्या आणि त्याच दिशांनी नवे कापड रेझिनसह बसवून ते पक्के होऊ द्यायचे. मला हे काम पाठचिकित्सेच्या कुळातले वाटते: गळलेला शब्द भरणाऱ्याने स्वतःचे वळण विसरायचे असते. अर्थात, चुकलेल्या पाठाने कोणाचा मणका मोडत नाही. म्हणूनच की काय, आम्ही समीक्षक इतके धीट असतो!

सांगाडा गोणपाटात बांधून दुरुस्तीसाठी बंगळुरूला धाडला. रामेश्वर राहिले. भाचा भाड्याची पोलादी सायकल घेऊन दारासुरमला गेला. तेथे बाराव्या शतकातील ऐरावतेश्वराचा मंडप रथाच्या आकाराचा आहे. त्याच्या दगडी चाकापाशी तो बराच वेळ बसून होता, असे परतल्यावर त्याने सांगितले.