नवा कॉम्प्युटर, जुनी विंडोज आणि कुलपातली मराठी

दिवाळीच्या तोंडावर चाळीस हजार घालून नवा कॉम्प्युटर घेतला आणि चौथ्या दिवशी पैसे देऊन तो जुना करून घेतला. सात रस्त्यावरच्या आमच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात चहा घेऊन येणारा पोरगा म्हणाला, "सर, लोक जुन्याचं नवं करतात, तुमचं उलटंच की!" त्याला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. कारण मामला एकट्या माझ्या ऑफिसचा नाही.

सप्टेंबरात सीनेला पूर आला, त्या दिवसांत लाइट सारखी ये-जा करत होती. त्यातच आमचा जुना कॉम्प्युटर कायमचा गेला. नवा आला तो विंडोज ११ घेऊन. झकपक. आमच्या ऑपरेटर ताईंनी पेजमेकर टाकलं, ते कुरकुरत का होईना उघडलं. पण मराठी फॉन्ट चालेनात.

डीटीपीवाल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर एक छोटं कुलूप मिळायचं, डोंगल. ते कॉम्प्युटरला लावलेलं असेल तरच मराठी टाइप होणार. त्या डोंगलला चालवणारा ड्रायव्हर ३२ बिटचा. विंडोज ११ येते फक्त ६४ बिटमध्ये आणि तिला ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. विषय संपला. फॉन्टवाल्यांना फोन केला, तर "तुमचं व्हर्जन बंद झालंय, नवं घ्या" एवढंच उत्तर.

"मग नवं घ्या की," असं कुणीही म्हणेल. मीही तेच म्हणालो असतो. पण त्याच दुपारी अक्कलकोट तालुक्यातून एक शेतकरी आले. वडिलांच्या जमिनीच्या वाटणीची जाहीर नोटीस २००९ साली आमच्या अंकात आली होती. आता भावकीत वाद कोर्टात गेलाय आणि वकिलानं तो अंक मागितलाय. तारीख त्यांना आठवत नव्हती, पावती नव्हती. "पावसाळा होता एवढं नक्की," म्हणाले.

त्या वर्षाची फाइल काढली, तर वाळवीनं आतून भुगा केलेला. मग सीडी काढल्या. सीडी चालू होती, पेजमेकरची फाइल उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टिंबं. एक शब्द वाचता येईना. त्या माणसानं स्क्रीनकडे बघून विचारलं, "हे इंग्रजीत छापलं होतं काय?"

नाही हो, मराठीतच छापलं होतं. पण कॉम्प्युटरला ते मराठी आहे हे कधी कळलंच नव्हतं. त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट आहे तोवर 'क' दिसतो, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. त्यामुळं नाव टाकून बातमी शोधता येत नाही. फाइल दुसऱ्याला पाठवली तर त्याला कचरा दिसतो. याला उपाय म्हणजे युनिकोड. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. तुम्ही ही पोस्ट वाचताय ती त्याच्याच जोरावर. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. आणि गावोगावची साप्ताहिकं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल वर्षानुवर्षं त्याच्यावरच निघत आले.

तर विंडोज ११ काढायचं ठरलं. ओळखीचा इंजिनिअर पोरगा आला. म्हणाला, "सर, तुमचं लायसन प्रो आहे म्हणून बरं. प्रोवाल्याला विंडोज १० वर मागं जायचा हक्क आहे, होमवाल्याला नाही." १० मध्ये ३२ बिट मिळते. त्यानं बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, जुन्या पद्धतीचं बूट चालू केलं, हार्ड डिस्क पूर्ण पुसली, नव्यानं पार्टिशन पाडलं. दोनदा अडकलं. डिस्प्लेचा ड्रायव्हर तर मिळालाच नाही, म्हणून आता आमच्या स्क्रीनवर सगळी माणसं जरा जाडी दिसतात. ८ जीबी रॅमचे पैसे मोजलेत, पण ३२ बिटला ४ च्या वर दिसत नाही. अर्धी रॅम नुसती बसून.

आणि तारीख बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आम्ही त्याच आठवड्यात ती नव्यानं बसवत होतो. सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत, म्हणून त्या कॉम्प्युटरला नेटची वायर लावायची नाही, असा नियम केला.

रात्री साडेनऊला ताईंनी डोंगल लावलं. पानावर मराठी उमटली. शोधायची सोय नाहीच, म्हणून त्यांनी जूनपासून एकेक अंक उघडून डोळ्यांनी वाचत आणला. ऑगस्टच्या दुसऱ्या अंकात, शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात नोटीस सापडली. प्रिंट कोर्टात चालेल की नाही ते वकील बघतील. पण अंकाची तारीख मिळाली, आता तो छापील अंक कुठल्या तरी वाचनालयात शोधता येईल. सकाळी ते शेतकरी आले, प्रिंट घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि पैसे विचारले. पैसे कसले घेणार? त्यांची नोटीस छापून नीट सांभाळली नव्हती ती आम्हीच.

हे मनाला लागलंय. वीस वर्षं आम्ही अधिकाऱ्यांना विचारत आलो, रेकॉर्ड कुठंय? आणि आमचंच रेकॉर्ड बोटभर प्लॅस्टिकच्या तुकड्यावर टांगलेलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा ऑफिसात पेढे वाटले, पहिल्या पानावर मोठी बातमी लावली. ती बातमीसुद्धा त्याच फॉन्टमध्ये आहे. उद्या डोंगल गेलं तर तीही डॉलर आणि कंस होणार. शासनानं कार्यालयांना युनिकोड वापरायला सांगूनही बरीच वर्षं झाली. आम्ही त्याची बातमी छापली आणि विसरलो. कंपनीला दोष देणं सोपं आहे, पण "चाललंय ना, मग कशाला बदलायचं" हे आमचंच वाक्य.

आता ठरवलंय. नवा अंक नव्या वर्षापासून युनिकोडमध्ये, दुसऱ्या मशीनवर. ताईंची बोटं अठरा वर्षांच्या की-बोर्डला सरावलेली, त्यांना त्रास होणार, मला शिव्या बसणार. आणि दर शुक्रवारी अंक गेला की जुने पाच अंक उघडायचे, पीडीएफ करायची, मजकूर कन्व्हर्टरमधून काढून तपासायचा. तपासावाच लागतो, कारण वेलांटी उड्या मारते आणि जोडाक्षरं फुटतात. हजारेक अंक आहेत. आठवड्याला पाच, म्हणजे चार वर्षं.

तोवर ते डोंगल टिकलं पाहिजे. त्याला आता रबर बँड लावून, कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवलंय: 'हात लावू नये.'

जिल्ह्यातल्या साप्ताहिकवाल्यांनो, छापखानेवाल्यांनो, तुमच्याकडंही अशा सीडी असणार. या दिवाळीच्या साफसफाईत त्या टाकून देऊ नका. तुमचं जुनं मशीन अजून चालू असेल तर आजच बसा. आणि ज्यांचं बंद पडलंय त्यांनी सात रस्त्याला या. आमचा जाडी माणसं दाखवणारा कॉम्प्युटर आहे. चहा आमच्याकडं.