साचा, ओटा आणि पाट

नवा नकाशा काढायला बसतो तेव्हा मी कोऱ्या कागदासमोर बसलेला नसतो, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. पडदा काळा असतो, रिकामा दिसतो. पण ऑटोकॅडमध्ये ‘न्यू’ ही आज्ञा दिली की ती आधी विचारते, कोणता साचा घेऊ? ‘क्यून्यू’ या आज्ञेला तर एकदा साच्याचे नाव सांगून ठेवले की ती तेवढेही विचारत नाही. पडदा उघडतो आणि आपण रेषा ओढू लागतो. आपल्या आधी कुणीतरी येथे बसून गेले आहे, याची खूण कुठेही दिसत नाही.

हे लेखन वाचणारे बहुतेक जण साहित्याचे विद्यार्थी वा अध्यापक असतील. मी पोटासाठी घरांचे नकाशे काढणारा माणूस. तेव्हा साचा म्हणजे काय, ते थोडे सांगणे भाग आहे. आमच्या धंद्यात या शब्दाचा पहिला अर्थ हिरवट प्लास्टिकची एक पट्टी असा होता. तिच्यात संडासाचे भांडे, वॉशबेसिन, दाराचा पाव वर्तुळाकार फेरा असे आकार कापलेले असत. ट्रेसिंग पेपरवर ती ठेवायची आणि कडेने पेन फिरवायचे. संगणकातला टेम्प्लेट याहून पुष्कळ खोल जातो. १९८२ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅडमध्ये आधी नमुन्याचा एक नकाशा असे. १९९७ च्या चौदाव्या आवृत्तीपासून त्याला ‘डीडब्ल्यूटी’ असे वेगळे शेपूट मिळाले. मोजणी फुटांत की मिलिमीटरमध्ये, भिंतीची रेषा किती जाड, मापांचे अक्षर केवढे, प्रस्तावित बांधकाम लाल आणि पाडावयाचे पिवळे, कोपऱ्यातली नावाची चौकट, हे सारे त्यात आधीच ठरलेले असते. शिवाय ‘ब्लॉक’ असतात, म्हणजे एकदा काढून ठेवलेली दारे, खिडक्या, जिने, ओटे. हे सारे जमवून ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना प्रकार ‘डीडब्ल्यूटी’ निवडायचा, की झाला साचा.

आमच्या कार्यालयाचा साचा अण्णांनी बनवला होता. अण्णा ड्रॉइंग बोर्डावर वाढलेले ड्राफ्ट्समन. पन्नाशीत संगणक शिकले, आणि बोर्डावर तीस वर्षांत हाताला लागलेले सगळे वळण त्यांनी त्या एका फाइलमध्ये ओतले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी तिची प्रत माझ्या यंत्रावर टाकली आणि म्हणाले, “आता तुला डोकं घराला लावायचं, रेषेला नाही.” खरेच होते ते. पहिल्या महिन्यात मी जे नकाशे काढले ते माझ्या लायकीहून देखणे दिसत होते.

वृत्त कवीला जे देते तेच हे, असे मी पुष्कळ दिवस मानत आलो, आणि मित्रांत मोठ्या ऐटीने तसे बोलतही असे. आज मला ती तुलना पुरती पटत नाही. मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) अभंगाचा साचा हाती घेतला, तेव्हा वाचकाच्या कानात जुना अभंग आधीपासून वाजत होता, म्हणून तर त्यात आलेले यंत्रयुग त्याला खुपले. साहित्यातला साचा लेखक आणि वाचक या दोघांच्या मालकीचा असतो. आमचा साचा घरात राहणाऱ्याला कधी दिसतच नाही. जे त्याला दिसते ती भिंत असते, ओटा असतो. आणि ओट्याशी वाद घालता येतो हे सहसा कुणाला सुचत नाही.

२००९ साली मी गावाकडे आमचे घर बांधले. नकाशा अर्थात मीच काढला. स्वयंपाकघराच्या छेदात अण्णांचा ओट्याचा ब्लॉक टाकला : उंची ३४ इंच. ही उंची कुठून आली, असे मी त्यांना पूर्वी एकदा विचारले होते. “परदेशी पुस्तकात छत्तीस आहे,” ते म्हणाले, “आपल्या बायका बुटक्या, म्हणून दोन इंच मी कमी केले.” यात त्यांची आस्थाच होती, हे मी आजही म्हणेन.

माझी आई ४ फूट ९ इंच. जन्मभर तिने चुलीपुढे आणि नंतर जमिनीवरच्या शेगडीपुढे बसून स्वयंपाक केला. जात्यावर, पाट्यावर, विळीवर ती बसूनच काम करी. नव्या घरात मी तिला उभे केले, आणि ते करताना तिची उंची मोजली नाही. ३४ इंचांवर शेगडी, शेगडीवर पातेले : आत काय शिजते आहे ते तिला टाचा उंचावल्याखेरीज दिसत नसे. तिने तक्रार केली नाही. नव्या घरात जेवायला टेबल आले होते, पाट रिकामे पडले होते; त्यातला एक तिने ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभी राहून ती पोळ्या लाटू लागली. सुट्टीला जाई तेव्हा मी तो पाट पाहत असे. पाहत असे म्हणजे काय, ओलांडून पाणी घेत असे.

माप कुणाच्या तरी अंगावरूनच घेतलेले असते. ल कार्बुझिए या वास्तुकाराने १९४० च्या दशकात ‘मोड्युलर’ ही मापपद्धती रचली, तेव्हा आधी त्याने पावणेदोन मीटर उंचीचा माणूस धरला होता. नंतर तो सहा फुटी केला. का, तर इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलीस, सहा फुटी असतात, असे त्याच्या एका सहकाऱ्याने सुचवले, आणि ते त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. हेच माप पुढे चंदीगडच्या इमारतींत उतरले. कादंबरीचा वास्तवाशी काय संबंध, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकीकत जरूर सांगावी.

२०१६ च्या पावसाळ्यात तो पाट ओल्या फरशीवरून सरकला. आईचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. शेजारच्या वहिनी डबा देत. आईला त्याचा संकोच वाटे, आणि त्यावरून ती माझ्यावर नव्हे, स्वतःवर चिडे. “मीच वेंधळी,” म्हणायची. गवंडी बोलावून मी ओटा फोडला. नवा बांधण्याआधी तिला भिंतीशी उभी केली, कोपर दुमडायला सांगितले आणि टेप लावला. तीस इंच पुरे होते. टेप गुंडाळताना ती सहज म्हणाली, “तेव्हा विचारलं असतंस तरी मला आकडा सांगता आला नसता रे.” ती माझी समजूत घालत होती.

परतल्यावर मी साचा उघडला. अण्णा तोवर वारले होते. त्यांच्या ब्लॉकला हात लावताना उगाच चोरटे वाटले. ३४ च्या जागी ३० घालणे सोपे होते, पण मग उद्या एखादी उंच सून त्या ओट्यावर वाकून पाठ मोडून घेणार. ब्लॉकमध्ये ‘अ‍ॅट्रिब्यूट’ नावाची सोय असते : ब्लॉक नकाशात टाकताना ती एक प्रश्न विचारते आणि आपले उत्तर तिथे छापते. रेषा हलत नाही, आकडा तेवढा बदलतो. मी ३४ पुसले आणि प्रश्न लिहिला : ‘स्वयंपाक कोण करते? कोपराची उंची?’ आधीच भरून ठेवलेले उत्तर मात्र ठेवले नाही.

कार्यालयातली तरुण मुले घाईत असतात. प्रश्न आला की न वाचता एंटर दाबतात, आणि ओट्याचे माप कोरे छापले जाते. मग साइटवरून गवंड्याचा फोन येतो, “साहेब, इथं आकडाच नाही.” मी त्याला सांगतो, घरात जा आणि विचार.